टाकाऊ या शब्दाची व्याख्या

लंडनहून पाकीट आलं तेव्हा मी
तांब्याच्या मळीचे तुकडे तारेनं आवळून
एका बाईची मान बांधत होते.

कलम चौदा, पोटकलम क.
'टाकाऊ म्हणजे खाणीतून निघालेला, वापरात नसलेला
सर्व पदार्थ, आज असलेला वा भविष्यकाळात निघणारा,
त्याची मालकी कंपनीकडे अबाधित राहील.'

म्हणजे ती मान कंपनीची.
किट्वेतला आमच्या घरामागचा काळा ढीग कंपनीचा,
माझ्या नखांतली काजळी,
आणि बापाच्या छातीत बसलेली धूळ,
तीही बहुधा.

मी उत्तर दिलं नाही.
मान पुरी केली, डोकं चढवलं, कान लावले.
नोटीस गुंडाळून उजव्या कानात घातली, डूल म्हणून,
आणि फोटो काढून पाकिटावरच्याच पत्त्यावर धाडला.

सहा आठवड्यांनी त्या आल्या.
मुतिंता हाचिपुका, न्डोलाच्या विमानतळावरून टॅक्सीनं,
बूट लंडनचे, चाल मात्र मोंझेकडची,
पाऊल टाकण्याआधी जमीन जोखणारी.
आईनं न्शिमा वाढली, वर सुकट कापेंटा.
त्यांनी घड्याळ काढून ठेवलं, हात धुतले,
गोळा असा वळला की आई म्हणाली,
आपल्यातलीच आहे गं ही.

मग त्या म्हणाल्या, व्याख्या माझीच आहे.
दुबईच्या हॉटेलात, पहाटे तीनला.
समोरची बाजू झोपेला आली होती.
'भविष्यकाळात' हा शब्द मी घातला,
सगळ्यांनी पाठ थोपटली.

मला वाटलं, आता रडतील.
त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला
आणि मूर्तीभोवती फिरू लागल्या,
करार वाचतात तशा, शेवटच्या पानापासून.
म्हणजे पाठीपासून.
'इथे तार सुटलीय,' म्हणाल्या.
सुटलीच होती.

अकरा वर्षं झाली त्याला.
लुआंडाच्या चितारणीला व्हिसा नाकारला
तर त्या चार पानांचं असं पत्र लिहितात
की वकिलातीतला कारकून उठून पंखा लावतो.
आमच्या जनरेटरचं डिझेल त्या भरतात,
रॉटरडॅमच्या गोदीत अडकलेले लाकडी ढोल
एका फोनवर सोडवतात.
नवरा वैतागलाय म्हणे,
जेवायच्या टेबलाखाली बामाकोचा कोणी लोखंडी बकरा
त्याची नडगी फोडतो रोज.

एकदा मी विचारलं, ते कलम बदलेल का?
'करार एकोणपन्नास वर्षांचा आहे.'
आणि तुमची फी?
त्यांनी वर बघितलं, माझ्या स्टुडिओच्या छपराकडे.
नवे पत्रे, उन्हात तडतडणारे.
दोघी तशाच बसलो त्या पत्र्यांखाली,
चहा गार होईपर्यंत.

बापाचा खोकला आता थांबलाय.
बापही.
त्यांनी फुलं पाठवली होती. मी ती
ढिगावर नेऊन ठेवली. बकऱ्यांनी खाल्ली.
या बकऱ्या खऱ्या.

मूर्ती आता त्यांच्या ऑफिसात असते,
सतराव्या मजल्यावर, लिफ्टसमोर.
त्यांनी ती विकत घेतली नाही, मुद्दाम.
एक पानाचा करार केला, स्वतः हातानं लिहिलेला:
मालकी कलाकाराची, फर्मकडे फक्त उसनी,
मुदत एक वर्ष,
पुढे ठेवायची तर लेखी परवानगी मागावी,
आणि कानातला कागद कोणी काढू नये.

म्हणून दर एप्रिलला लंडनहून पाकीट येतं,
तोच जाड कागद, तीच फर्म,
'आपण कृपा करून...' अशी सुरुवात.
मी ते न फोडता खिडकीत ठेवते,
हत्यारांना तेल देते,
आईला विचारते बाजारातून काय आणायचं.
दुसरं स्मरणपत्र आल्याशिवाय
उत्तर देत नाही.